चाळीस एकर तण

मार्लिस हाउगनबद्दल गावात कुणी वाईट बोलत नसे. वाईट बोलायची त्या गावात रीतच नव्हती. एखादी गोष्ट अगदी डोक्यात गेली की लोक खिडकीबाहेर बघत "वेगळंच आहे हं" एवढंच म्हणायचे आणि कॉफीचा कप पुढे सरकवायचे. मार्लिसच्या चाळीस एकरांबद्दल गेली वीस वर्षं सगळे हेच म्हणत आले होते. वेगळंच आहे हं. आणि पाठ वळली की त्या जमिनीचं नाव होतं ‘मार्लिसचं तण’.

बापाने वाटण्या केल्या तेव्हा थोरल्या ओर्लिनला गावाशेजारची काळीभोर जमीन मिळाली आणि मार्लिसच्या पदरात हा टेकाडावरचा धोंड्यांचा तुकडा पडला. आजोबांनी नॉर्वेहून येऊन इथे पहिल्यांदा नांगर घालायला घेतला, तो जमिनीत शिरायच्या आतच एका धोंड्यावर आपटून मोडला. त्यांनी नॉर्वेजियन भाषेत दोन शिव्या हासडल्या आणि तो तुकडा तसाच सोडून दिला. तेव्हापासून तो तसाच होता. मिनेसोटाच्या त्या भागात चहूकडे नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, आणि मधोमध हे माणसाच्या छातीला लागणारं गवत, माणूस यायच्या आधी होतं तसंच्या तसं.

मार्लिसचं म्हणणं साधं होतं. हे तण नाही, इथलं मूळ रहिवासी हेच, तण आपण. हे राज्याने ताब्यात घ्यावं, राखीव माळरान म्हणून त्याचा पार्क करावा, म्हणजे आपल्या माघारी कुणी इथे नांगर घालणार नाही. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. ती डोळे मिटेल त्या दिवशी जमीन ओर्लिनच्या मुलाकडे, कर्टकडे जाणार होती, आणि कर्टचे हात रस्त्याकडेचा चर दिसला तरी नांगरायला शिवशिवायचे. पुढच्या वसंतात इथे मका उभा राहिला असता, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून वीस वर्षं ती बोलत होती. चर्चच्या तळघरात पडद्यावर फोटो दाखवत होती. बर्फ वितळता वितळता येणारी जांभळी केसाळ फुलं, शरदात तांबूस होणारं गवत, माणसाहून खोल गेलेली मुळं. लोक शांतपणे ऐकत. सगळे अगदी नीट ऐकत, हेच तर दुखणं होतं. मग दिवे लागले की कुणीतरी हमखास विचारायचं, "छानच गं मार्लिस. मग तिथे झाडं कधी लावणार?"

"झाडं नाही लावायची! झाडं म्हणजे त्या गवताचं मरण!"

"हो का," असं म्हणून ते माणूस आणखी एक वडी उचलायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न.

आता एकदाची राज्याच्या निसर्गखात्याची बाई मंगळवारी जमीन बघायला यायची होती. खात्याची मुख्य अट एकच होती, जमिनीला कधीही नांगर लागलेला नसावा. बाकी सगळं जमवून घेता येतं, हे एक येत नाही. आणि नेमकी मार्लिस पडली होती नर्सिंग होममध्ये. मार्चमध्ये कोंबड्यांना दाणे टाकून येताना बर्फावरून घसरली आणि खुबा मोडून बसली.

त्या आठवड्यात ओर्लिन फोनवर जरा जास्तच गोड बोलत होता. एरवी त्याच्या तोंडातून एका वेळी चार शब्द निघाले तर मोठी मेजवानी. "तू काही काळजी करू नकोस," तो रोज म्हणायचा. कशाची काळजी करायची नाही ते मात्र सांगत नव्हता.

शनिवारी सकाळी आर्डिस आली. आर्डिस म्हणजे चर्चच्या बायकांची म्होरकी, मार्लिसच्याच वर्गातली. हातात लिंबाच्या वड्यांची बशी, अंगात ठेवणीतला स्वेटर.

"कशी आहेस गं? छान दिसतेस. तू काही काळजी करू नकोस हं."

"कसली काळजी?"

"कसलीच नाही."

"आर्डिस, तू लपवाछपवी करायला लागलीस की तुझी मान लाल होते. शाळेपासून."

"अगं, मी अजून काही बोललेसुद्धा नाही!"

"मान बोलली. सांग."

आर्डिसने मान स्वेटरच्या कॉलरमध्ये घेतली. एक वडी सरळ केली, दुसरी सरळ केली. "गंमत होती गं तुझ्यासाठी. मी सांगितलं हे कळलं तर मला मारतील सगळे. तुझं ते तण… म्हणजे पार्क. ती बाई यायच्या आत सगळे मिळून नीट करून देणार आहेत. नांगरायचं, सपाट करायचं, मऊ हिरवळ पेरायची. आयनरने पाइनची रोपं आणलीयत. आणि बाक केलाय, तुझं नाव कोरून. एवढा गोड झालाय!"

मार्लिसने पांघरूण बाजूला फेकलं. "कधी?"

"आज. म्हणजे आत्ताच. साडेआठला प्रार्थना होती."

घड्याळात नऊ वाजून गेले होते. "माझा वॉकर दे इकडे," मार्लिस म्हणाली, "आणि ती बशी ठेव खाली!"

ओर्लिनची मुलगी जोलीन त्याच नर्सिंग होममध्ये परिचारिका होती. तिने दारातच आडवं व्हायचा प्रयत्न केला. "आत्या, डॉक्टर म्हणालेत की अजून दोन आठवडे…"

"डॉक्टरांना मी संध्याकाळी भेटते. गाडी काढ. आणि तुला ठाऊक होतं ना गं हे?"

जोलीनने किल्ल्या शोधण्यात फार मन घातलं.

"ठाऊक होतं! अख्ख्या गावाला ठाऊक आणि एकालाही तोंड नाही! वीस वर्षं घसा फोडला मी. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने ऐकलं असतं!"

"ऐकलं गं आम्ही," मागच्या सीटवरून आर्डिस म्हणाली. वड्यांची बशी तिच्या मांडीवर होती, ती मागे ठेवून यायला काही तिचा जीव झाला नव्हता. "तूच म्हणालीस ना, पार्क करायचाय म्हणून? मग पार्कला हिरवळ नको? लोक बसणार कुठे?"

मार्लिसने डोळे मिटून घेतले. त्या लोकांना नुसत्या शिव्या घालता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं! पण तिचा नवरा अंथरुणाला खिळला त्या वर्षी हेच सगळे एका सकाळी न विचारता, न सांगता आपापली यंत्रं घेऊन दारात उभे राहिले होते. दिवस मावळायच्या आत नवऱ्याने खंडाने केलेल्या शेतातला सगळा मका कापून, कोठारात भरून, जेवून निघून गेले. आभारसुद्धा मानू दिले नाहीत. आजारी माणसाच्या शेतात असंच जायचं असतं, ही तिथली रीत. विचारायचं नसतं, कारण विचारलं की माणूस संकोचाने नको म्हणतं. त्याच रीतीने ते आज तिच्या चाळीस एकरांत गेले होते.

रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरांची रांग लागली होती. जणू चर्चला निघाल्यासारखे सगळे धुऊनपुसून लख्ख केलेले, मागे नांगर जोडलेले. पण त्यांच्यावर कुणी नव्हतं. सगळे जण एका उघड्या ट्रकच्या मागच्या फळीभोवती कप हातात धरून उभे होते. साडेनऊ वाजले होते आणि साडेनऊला कॉफी असते, मग आभाळ का कोसळेना. सकाळी पेरणीच्या ऐन घाईत यंत्र बंद करून कॉफी पिणाऱ्या या लोकांना मार्लिसने जन्मभर नावं ठेवली होती. आज त्या कॉफीने एकोणचाळीस एकर वाचवले होते.

बाकीचा एक एकर गेला होता. सख्खा भाऊ म्हणून पहिल्या फेरीचा मान ओर्लिनला दिला होता. दक्षिणेच्या कुंपणालगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या मातीचे पट्टे उताणे पडले होते. गवत खाली, मुळं वर.

मार्लिस वॉकर आपटत गेली. "थांबा! एकानेही ट्रॅक्टरला हात लावायचा नाही! काय चालवलंय काय तुम्ही?"

आयनर हातात पाइनचं रोप घेऊन उभा होता, ते त्याने हळूच पाठीमागे लपवलं. चर्चचे पाळक स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. बाकावर चिकटवलेली लाल फीत वाऱ्यावर फडफडत होती.

"कॉफी घेतेस थोडी?" कुणीतरी विचारलं.

"नको!"

"अर्धा कप?"

"नको म्हटलं ना!"

"अगं, गरम आहे," आर्डिस म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्याखेरीज नकार खरा धरायचा नाही, हीही तिथलीच रीत. मार्लिसने किंकाळी फोडली नाही एवढंच.

ओर्लिन टोपी हातात घेऊन पुढे आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, चेहरा एखाद्या मार खाल्लेल्या पोरासारखा झालेला. "फार चिवट आहे गं," तो म्हणाला. "ट्रॅक्टर घुसमटला. असली मुळं नव्हती पाहिली मी कधी."

"कशी पाहशील! उरलीयत कुठे आणखी? जिथे होती तिथे सगळीकडे तूच तर मका पेरलास! अरे, एकच प्रश्न विचारणार होती ती बाई. एकच! की नांगर लागलाय का!"

"हे तू सांगितलं होतंस?"

"वीस वर्षं सांगतेय!"

आयनर खाकरला. "पट्टे सलग निघालेत," तो म्हणाला. "तुटले नाहीत फारसे. उलटे करून परत बसवले तर?"

खरं तर त्याने काही साधणार नव्हतं. पण मार्लिसला दुसरं सुचत नव्हतं, आणि त्या लोकांचे चेहरे बघवत नव्हते. "बसवा," ती म्हणाली. "हाताने. चाक फिरवायचं नाही."

काम मिळाल्याबरोबर सगळ्यांच्या जिवात जीव आला. माणसं फावडी घेऊन गुडघ्यांवर बसली. मातीसकट गवताचे जड पट्टे चौघाचौघांनी उचलून, उलटून जागच्या जागी बसवायला सुरुवात झाली. बायकांनी दुधाच्या कॅनमधून पाणी आणून ओतलं आणि आपल्या ठेवणीतल्या बुटांनी ते पट्टे तुडवले. पाळक शर्टाच्या बाह्या वर करून भेगांत माती भरत होते. मार्लिस तिच्याच नावाच्या बाकावर बसून ओरडत होती. "अरे, तो उलटा बसवलास! गवत वर! गवत कुठल्या बाजूला असतं एवढं तरी कळतं का? आर्डिस, नाच करू नकोस, दाब नुसतं!" आणि ते "हो गं, हो" म्हणत चुकत होते, पुन्हा करत होते. तिला त्यांचा भयंकर राग येत होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग येत होता.

दिवस कलला तेव्हा काम संपलं. लांबून पाहिलं तर काही कळत नव्हतं. जवळून पाहिलं तर गवताला ठिगळं लावल्यासारखं दिसत होतं. यातलं थोडं जगेल, बाकीच्या फटींमधून काटेरी झुडपं वर येतील, हे मार्लिसला पक्कं माहीत होतं. आणि सगळंच जगलं असतं तरी नांगर लागला तो लागलाच होता.

रविवारी चर्चमधून निघताना एकेक जण तिच्या खुर्चीपाशी आला. सरळ कुणी काही बोललं नाही. "उत्तरेच्या फाटकातून तुझी जमीन किती छान दिसते, नाही?" असं एक जण म्हणाला. "बाईंना उत्तरेकडूनच न्यावं," दुसरा. "दक्षिणेला चिखल फार आहे सध्या," तिसरा. चिखलाचा टिपूस नव्हता. एरवी असल्या आडून बोलण्यावर मार्लिस फाडकन बोलली असती. त्या दिवशी बोलली नाही. वीस वर्षं तिने एका शब्दाचीही लबाडी केली नव्हती आणि त्या खरेपणाने काय दिलं होतं? एक नाव कोरलेला बाक. बाईने विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं.

मंगळवारी निसर्गखात्याची डियान वेल्क आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. उत्तरेच्या फाटकाशी अर्धं गाव बश्या आणि थर्मास घेऊन सहज म्हणून उभं होतं. डियान सरळ गवतात शिरली. कुठे वाकली, कुठे गुडघ्यावर बसली, एका ठिकाणी तर पालथी झाली. परत आली तेव्हा गुडघे मातीने भरले होते आणि चेहरा उजळला होता. मार्लिसला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपल्यासारखं कुणी आहे.

"एकच विचारायचं राहिलं," डियान म्हणाली. "कधी नांगर लागलाय का इथे?"

मार्लिसने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

"हो," ओर्लिन म्हणाला. "शनिवारी. मी."

थर्मासचं झाकण लावता लावता कुणाचा तरी हात थांबला.

"ओर्लिन!"

"हिला काही विचारू नका. ही तेव्हा नर्सिंग होममध्ये होती," ओर्लिन डियानला म्हणाला. टोपी त्याने दोन्ही हातांनी चुरगाळली होती. "दक्षिणेला एक फेरी मारली. मग परत बसवलं सगळ्यांनी. पण मारली."

"का मारलीत?" डियानने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ओर्लिनला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो तुकड्या-तुकड्यांनी बोलला. "बाबांनी मला काळी जमीन दिली. हिला धोंडे. माझ्याकडे कणसं लागायची, हिच्याकडे नुसतं गवत. मला नाही बघवायचं. दर वर्षी सुगीला वाटायचं, हिचेही धोंडे काढून द्यावेत, जमीन नीट करून द्यावी. ही हात लावू द्यायची नाही. मानी आहे. आता पडली, म्हटलं, निदान आता तरी करून द्यावं."

मार्लिसने वॉकर त्याच्याकडे वळवला. "म्हणजे तुला… माझी दया येत होती?"

"दया नाही गं. पण धोंडेच ना ते."

"अरे गाढवा!" तिचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, बाबांनी माझे लाड केले! सगळ्या जमिनीतला उत्तम तुकडा मला दिला आणि तुला बिचाऱ्याला ती काळी माती, दर वर्षी नुसती उकरत बसायला! मी तुझ्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही ते तुला वाईट वाटेल म्हणून!"

पन्नास वर्षं दोघं दर रविवारी एका टेबलाशी जेवत आले होते.

डियान एकटीच दक्षिणेच्या कुंपणाकडे चालत गेली. सगळे तिच्या मागे, मार्लिस वॉकर टेकत सगळ्यांच्या शेवटी. डियानने खाली वाकून एक झुबका दोन बोटांनी ओढला, तर तो हलणाऱ्या दातासारखा अलगद हातात आला. तिने तो पुन्हा जागेवर ठेवून दाबला.

"ही पट्टी मला घेता येणार नाही," ती म्हणाली. "पार्कच्या हद्दीची रेघ ही पट्टी बाहेर ठेवून आखावी लागेल. आणि शनिवारचं मला लिहावं लागेल, जसं झालं तसं."

"आणि बाकीचं?" मार्लिसने विचारलं.

डियानने वळून टेकाडाकडे पाहिलं. "बाकीचं मी घेते. असं दुसरं माळरान कुठे असतं तर अडून बसले असते. नाहीये. हिवाळ्याच्या आत पार्कची पाटी लागेल."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी तिथे पद्धत नव्हती. आयनर म्हणाला, "बरं झालं," आणि आर्डिसने डियानला कॉफी विचारली. डियान त्याच भागातली निघाली, कारण तिने दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा कप घेतला. पाच मिनिटांत सगळं गाव तिच्याभोवती गोळा झालं आणि तिथे झाडं कधी लावणार ते विचारू लागलं.

बहीणभाऊ पट्टीपाशीच राहिले. ओर्लिन बुटाच्या टोकाने एक भेग चाचपत होता.

"मग ही मोकळीच राहिली," तो म्हणाला. "हिच्यात काय पेरू?"

"काही नाही."

"मका नाही म्हणत मी. तुझं ते गवतच. बी मिळतं का त्याचं?"

"काही नाही, ओर्लिन."

"निदान ढेकळं तरी फोडून…"

"ओर्लिन!" तिने वॉकर आपटला. "वेगळी निघाली ना ही? मग घे, तुला दिली. आजपासून तुझी. बाबांनी तुला कधी चांगली जमीन दिली नाही, मी देते. शेजारचं गवत सरकत सरकत येईल तिच्यात, आपलं आपण. तुझ्या-माझ्या डोळ्यांदेखत नाही येणार. पण येईल. तोवर हात लावलास तर बघ!"

ओर्लिनने त्या ठिगळांवरून नजर फिरवली. एका जागी एक पट्टा जरा वर आला होता. तो नीट करायला तो अर्धा वाकला, थांबला, सरळ झाला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.